गोजराचे दंड आणि हरभऱ्यातली परी

हिरव्यागार रानाच्या काठावर, पळसाच्या तीन झाडांखाली एक इवलीशी झोपडी होती. तिथं गोजरा आणि तिची आई राहत. आई दिवसभर पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची आणि बाजारात विकायची. सकाळी भाकरी-ठेचा, संध्याकाळी भाकरी आणि हुलग्याचं पाणीदार माडगं, कधीतरी हरभऱ्याची उसळ, एवढंच त्यांचं जेवण. दूध यायचं ते सणाला, वाटीभर. ते सगळं गोजराला देऊन आई म्हणायची, "मला नाही बाई आवडत दूध."

गोजरा दहा वर्षांची होती. हात काडीसारखे, डोळे मात्र टपोरे, करवंदासारखे काळेभोर.

गावात मुलींची तालीम होती. तिथली माती लालचुटुक आणि लोण्यासारखी मऊ. शिकवायला होत्या पांढऱ्याशुभ्र केसांच्या बायजाक्का. दरवर्षी माघातल्या जत्रेत तालमीतल्या मुली गोटी उचलत. गोटी म्हणजे भरल्या घागरीएवढा जड, गोल, गुळगुळीत धोंडा. जी मुलगी तो खांद्यावर घेईल, तिला गाव वर्षभराचा खुराक देई. रोज तांब्याभर दूध आणि महिन्याला टोपलीभर हरभरे!

गोजराला तो खुराक हवा होता. तांब्याभर दूध घरात आलं, की आईला ते आवडतं की नाही हे तिला एकदा बघायचंच होतं.

ती तालमीत दाखल झाली, त्याच दिवशी शेवंताही आली होती. शेवंता गवळ्याची लेक. घरी सात म्हशी. बायजाक्कांनी दोघींना एकेक दोरा दिला, गोजराला लाल, शेवंताला निळा.

"दर शनिवारी दंडाभोवती गुंडाळायचा," त्या म्हणाल्या. "टोक जिथं टेकेल तिथं गाठ मारायची. माप ज्याचं त्यानं घ्यायचं. खोटी गाठ मारली तर तालमीची माती हसते, बरं का!"

दोन महिने झाले. शेवंताच्या निळ्या दोऱ्यावर गाठी मुंग्यांसारख्या पुढे पुढे निघाल्या. गोजराच्या लाल दोऱ्यावर मात्र सगळ्या गाठी एकमेकींच्या मांडीवर बसल्या.

"बघ गं गोजरे, आज आणखी दोन तांदळांनी वाढला!" शेवंता दंड फुगवून म्हणाली.

"वाढणारच. साती म्हशी त्यातच बांधल्यात ना तू," गोजरा म्हणाली.

सगळ्या मुली खो खो हसल्या. शेवंताही हसली. गोजराला मात्र हसू आलं नाही. तिच्या पोटात हेव्याचा एक काटेरी सुरवंट शिरला होता. शेवंता दूध प्यायली की तो वळवळायचा. शेवंताच्या ओठांवर सायीची पांढरी मिशी दिसली की तो चावायचा. शेवंता प्रेमानं गूळ-शेंगदाणे पुढे करायची, तेव्हा तर तो सगळे काटे उभे करायचा. "भूक नाही मला," असं म्हणून गोजरा तोंड फिरवायची. भूक तर खूप असायची.

एकदा तिनं मनाशी ठरवलं, शेवंताहून जास्त खायचं. आईनं दोन दिवसांच्या उसळीसाठी भिजवलेले हरभरे तिनं पाच मुठी भरून कचाकचा खाल्ले. पोट फुगून नगारा झालं! दोन दिवस ना जोर काढता आले, ना बैठका. दोरा मात्र ती सकाळी गुंडाळायची, दुपारी गुंडाळायची, संध्याकाळी गुंडाळायची. गाठ तिथल्या तिथंच.

जत्रेला आठ दिवस उरले होते. सकाळी सकाळी गोजरा रानाकडेच्या हरभऱ्याच्या शेतात जाऊन बसली आणि मुसमुसून रडू लागली. पानापानांवर दवाचे थेंब मोत्यांसारखे लुकलुकत होते. तेवढ्यात एक पोपटी घाटा टप्पकन फुटला आणि त्यातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. पानांचा हिरवा परकर, जांभळ्या फुलाचं टोपडं, दवाचे झुळझुळीत पंख!

"माझ्या छपरावर कोण रडतंय? घर गळायला लागलं माझं!" ती किणकिणत म्हणाली.

गोजरानं घाईघाईनं डोळे पुसले. "चुकलं. तुम्ही कोण?"

"मी घाटुली. चुकलं म्हणणारी पोर मला आवडते. हात पुढे कर."

तिनं गोजराच्या तळव्यावर सोन्यासारखे झळाळणारे तीन हरभरे ठेवले.

"एक दाणा, एक इच्छा. दाणा चावायचा, डोळे मिटायचे आणि मागायचं. पण नियम ऐक. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन काही मागितलंस, तर ते त्याच्याच अंगातून निघून तुझ्याकडे येईल. हवेतून काही येत नसतं, बाळ."

गोजरानं मान डोलावली. पण सुरवंटानं मान डोलावली नव्हती. तिनं दाणा कडकन चावला आणि तोंडातून आलं, "माझे दंड शेवंताच्या दंडांपेक्षा मोठे होऊ देत!"

घाटुलीचे पंख मलूल झाले. "नाव घेतलंस गं," ती हळूच म्हणाली आणि पानाआड गेली.

त्या दिवशी तालमीत गोजराचे दंड गोल, गरगरीत झाले होते. "अगं बाई, काय खाल्लंस?" मुली विचारू लागल्या. आणि शेवंता? तिचे हात शेवग्याच्या शेंगा झाले होते. एक जोर काढताना ती तोंडावर पडली.

घटकाभर गोजराला फार बरं वाटलं. मग बायजाक्का शेवंताजवळ बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. लगेच सुरवंट पुन्हा वळवळला. माझ्या पाठीवरून का नाही? एवढे मोठे दंड मिळाले, तरी हेवा काही गेला नव्हता!

तीन दिवसांनी शेवंता दुधाची किटली घेऊन निघाली होती. किटली तिच्या हातून निसटली. पांढरं शुभ्र दूध धुळीत वाहून गेलं. गोजरा धावली.

"तूच बरी," शेवंता रडत म्हणाली. "मला शिक्षा झाली बघ. मी लबाडी केली होती."

"कसली लबाडी?"

"तू पहाटे, उठल्या उठल्या माप घेतेस. मी आधी भराभर जोर काढून मग घ्यायचे. तेव्हा दंड फुगलेला असतो ना! घरी जाईपर्यंत बसतो तो. दोन तांदूळ वाढलाच नव्हता."

"असं का केलंस?"

"तू साठ बैठका न थांबता काढतेस. मी चाळिसात धापा टाकते. फार जळायचं गं आत. वाटायचं, दोऱ्यावर तरी मी पुढे असावं."

शेवंताच्या पोटातही सुरवंट होता तर! आणि तो होता तिच्या, काडीसारख्या गोजराच्या हेव्यानं!

गोजरा पळत शेतात गेली. जत्रा पाच दिवसांवर होती. हे दंड दिले, तर गोटी कशी उचलायची? आईचं दूध? दाणा ओठांशी नेला, खाली आणला. पुन्हा नेला. मग डोळे घट्ट मिटून तिनं तो चावला. "शेवंताचं जे गोजराकडे आलंय, ते सगळं तिचं तिला परत जाऊ दे."

गोजराचे हात पुन्हा काडीसारखे झाले, आणि तिकडे शेवंताचे पुन्हा भरले. घाटुली पानाआडून खुदकन हसली. "आता शेवटचा दाणा. मोठे दंड माग. आता तर कुणाचं नावही घ्यायला नको!"

गोजरा विचारात पडली. "नको. मला माझं खरं माप कळू दे. माझ्यात ताकद आहे किती, आणि मी खावं किती?"

दाणा चावला आणि घाटुली तिच्या नखावर येऊन बसली. "हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी किती बैठका काढल्यास?"

"आठ."

"आणि आता साठ! मग ही ताकद काय दोऱ्याला दिसते? बी पेरलं की आधी मूळ खाली जातं, अंकुर नंतर दिसतो. तुझी ताकद आत मूळ धरतेय. दंड सावकाश भरतील. आणि खुराक? सकाळी मूठभर भिजवलेले हरभरे, तुझी मूठ हं, शेवंताची नाही. संध्याकाळी माडग्यात पाणी कमी, हुलगे जास्त. मूठ मोठी होईल तसा खुराक वाढेल. उगाच जास्त खाल्लंस तर फुगेल ते पोट."

गोजरानं अगदी तसंच केलं. आणि गूळ-शेंगदाणे पुढे आले, तेव्हा तिनं शेवंताच्या हातून घेतले.

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडली. शेवंता पुढे झाली. गोटी गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली आणि धप्पकन खाली पडली. मग गोजरा आली. काडीसारखे हात बघून कुणीतरी ओरडलं, "अगं, धोंडा आहे तो, भोपळा नव्हे!"

गोजरा वाकली. गोटी गुडघ्यापाशी आली. कमरेपाशी आली. आणि तिथंच अडली.

"तिथं थांबू नको!" गर्दीतून शेवंता जिवाच्या आकांतानं ओरडली. "मी तिथंच फसले! पाय वापर, गोजरे, पाय! साठ बैठका!"

गोजरानं पाय रोवले. साठही बैठका पायांतून उसळून वर आल्या आणि गोटी खांद्यावर बसली! लोकांनी गुलाल उधळला. बायजाक्कांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती पडता पडता वाचली.

शेवंतानं तिला मिठी मारली. "खरं सांगू? आत्तासुद्धा थोडं जळतंय मला."

"सांगितलंस ना, आता विझेल," गोजरा म्हणाली. "उद्यापासून मापही बरोबर घेऊ. पहाटे, दोघी."

गोजरानं खाली टाकलेल्या गोटीवर घाटुली पाय हलवत बसली होती. फक्त गोजरालाच ती दिसली. "मी काही केलं नाही हं," ती म्हणाली. "नुसती बघायला आले होते." तिचे पंख आधी पोपटी झाले, मग जांभळे, मग सोनेरी. गुलालावर माघाचं ऊन चमचमलं आणि त्या लखलखीत उजेडात परी हळूहळू विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी झोपडीत तांब्याभर दूध आलं. आईनं एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि पेला खाली ठेवायलाच विसरली.