येसूची कळ्यांची माळ

फार फार वर्षं झाली. तेव्हा सावळकोंडात ऊन पाहुण्यासारखं यायचं, दुपारी जरा टेकायचं आणि पाणी पिऊन निघून जायचं. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये सुपारीची दाट बाग. गणपती गेले की गावात औषधालाही फूल मिळत नसे.

पण नवरात्रात जाखमातेच्या घटावर रोज फुलांची माळ चढवावी लागे. हा मान गुरवाच्या घराचा. गुरव होडीने खाडीपलीकडे जाई आणि फुलं मागून आणी. तो वारला आणि मान त्याच्या बायकोकडे, येसूकडे आला.

"एक माळ चुकली, तर मान दुसऱ्या घरी जाईल," गावचे मानकरी बाबजी म्हणाले. मानाबरोबर राहतं घरही जाणार होतं, कारण ते देवीचं होतं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे उन्हाचा कवडसाही पोचत नाही, तिथे येसूने एकदा आश्विनात सोनटक्का फुललेला पाहिला होता. तिने त्याचे गड्डे खणून आणले आणि परसात सुपारीच्या सावलीत लावले. पावसाळ्यात उसासारखी उभी ताटं वर आली. पानं हळदीसारखी रुंद, हिरवीगार. फूल मात्र नाही.

"काय गो येसू, यंदा देवीला पानांचीच माळ काय?" शेजारची भागू विचारी, आणि विचारता विचारता चार ताटं कापून नेई. श्रावणात हळदीच्या पानांत पातोळ्या उकडायच्या. गावात हळद थोडी, म्हणून बायका ही पानं नेत. श्रावणात दारी आलेल्या बाईला पान नाकारायचं नाही, ही गावाची रीत. त्यामुळे ज्या ताटाच्या शेंड्याला आश्विनात फूल धरायचं, तेच ताट श्रावणात चुलीवर चढे.

येसू कुणावर रागावली नाही. काही वर्षं माळेची फुलं तिनेही होडीनेच आणली. मग एका वर्षी तिने दारापुढे, ऊन टेकायचं तेवढ्याच जागेत, हळद लावली. बायका आल्या की ती उंबऱ्यावरच त्यांच्या हातात पानं देई.

"घे गो, ही खरी हळदीची. वास बघ."

"मग मागली काय खोटी?" भागूने विचारलं.

"मागली उशिराची."

त्या वर्षी घटस्थापनेला पाऊस कोसळला. खाडी फुगली, होडी सुटेना. येसू परसात गेली. ताटं उभी होती, पण शेंड्यांवर नुसत्या मिटलेल्या कळ्या. तिने त्याच खुडल्या, केळीच्या दोऱ्यात ओवल्या आणि देवळात नेल्या.

"वहिनी," बाबजी म्हणाले, "देवीपुढे मिटल्या मुठी घेऊन यायचं?"

"दिवेलागण होऊ द्या, भावोजी."

असं म्हणतात, समई लागली, टाळ वाजला आणि माळेतली पहिली कळी उघडली. मग तिच्या शेजारची. आरती संपेपर्यंत अख्खी माळ पांढरी झाली, आणि गाभारा असा उजळला की दुसरा दिवा लावावा लागला नाही. असं म्हणतात, पावसात वाट चुकलेली एक होडी त्या वासाच्या मागाने धक्क्याला लागली.

"अगो बाई!" भागू ओरडली. "आम्ही इतकी वर्षं देवीची फुलं उकडून खाल्ली!" सगळं देऊळ हसलं. बाबजींनी मानाचा नारळ येसूच्या ओटीत घातला.

असं म्हणतात, त्या नवरात्रात जितक्या कळ्या खुडाव्यात, त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी येत.

आजही सावळकोंडात माळ कळ्यांचीच चढते. नवी सून आली की तिला न मागता सोनटक्क्याचा गड्डा देतात. ती तो घराच्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात लावते, आणि श्रावणात त्याला कुणी विळा लावत नाही. कुणाचं मूल बोलायला उशीर करतं, कुणाच्या फणसाला फळ धरत नाही, तेव्हा गावातली म्हातारी माणसं देवळाच्या दिशेने हात जोडतात आणि म्हणतात, "येसूचं आहे. येईल."