न लागणारे नंबर

वाचनालयाचे नवे अध्यक्ष बापूसाहेब निंबकर यांनी हुकूम सोडला, "कर्मचाऱ्यांच्या संदर्भ-कपाटातलं जुनंपुराणं सगळं रद्दीत घाला!" एकट्याच उरलेल्या ग्रंथपाल खांबेटेबाईंनी जुनी वेळापत्रकं, जुने नियम मुकाट्याने बाहेर काढले. फोनची जुनी डिरेक्टरी तेवढी मागे ठेवली. तिच्यात त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव छापलेलं होतं. रोज डबा खाताना त्या तेच पान उघडून बसत.

एक दिवस ती पाहून बापूसाहेब कडाडले, "बाई, यातला एक तरी नंबर लागतो का?"

बाईंनी भिंतीवरच्या, बापूसाहेबांच्या दिवंगत वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. "नाही लागत. पण तुम्ही रोज ताजा हार घालता, त्या तुमच्या अण्णांचा तरी कुठे लागतो?"

बापूसाहेब डिरेक्टरी ओढून पानं उलटू लागले. वडिलांच्या नावावर बोट थांबलं.

"राहू द्या ही कपाटात," ते हळूच म्हणाले. "मीही येत जाईन."