एक खडक, एक घास

विहीर खणणारे जिथे हात टेकतात, त्याच्याही कितीतरी खाली एक काळा खडक होता. खडकाला भेगा होत्या आणि भेगांत जिवाणूंचे राज्य होते. प्रत्येक भेगेचे पाणी वेगळे, म्हणून प्रजाही वेगळी. कोणी गंधक खाई, कोणी लोखंडाचा गंज. अन्न इतके तुटपुंजे की एकाचे दोन व्हायला शतक लागे. उपासमार झाली तरी कोणी ओरडत नसे; अंग चोरून झोपून जायचे, ही तिथली रीत. वरच्या सरकारांना ती अजून कळलेली नाही, नाहीतर योजना म्हणून केव्हाच जाहीर झाली असती.

राजे गंधकराव अर्थातच गंधक खात. इतरांच्या ताटातले वेगळेपण त्यांना खुपू लागले. त्यांनी फर्मान काढले, "एक खडक, एक घास."

गंजाच्या भेगेतली म्हातारी लोहाबाई दरबारात आली.

"महाराज, आमच्या पोटाला गंधक चालत नाही. लेकरं जातील माझी."

"सवय होईल," महाराज म्हणाले. "भेगाभेगांत भेद तुम्हीच करता."

"आम्ही गंज पचवून जे लोखंड पाण्यात सोडतो, तेच तुमच्या वस्तीचा विषारी वास मारतं. आम्ही उपाशी राहिलो तर तुम्ही गुदमराल."

"ही धमकी समजायची का?" प्रधानजींनी विचारले.

धमकीच समजली गेली. गंजाच्या भेगेत येणारे तांबडे पाणी चुन्याने लिंपून बंद केले. लेकरे एकेक करून झोपली. लोहाबाई त्यांना नावाने हाका मारत राहिली, मग तिचाही आवाज बंद झाला. मला हे सांगताना संताप येतो. राजपत्रात मात्र 'शांतता प्रस्थापित' एवढेच छापले आहे.

महाराज पाहणीला गेले. "एकही तक्रार नाही," ते गहिवरून म्हणाले.

मग वास वाढू लागला. प्रधानजींनी सभा घेतली. "बंधूंनो, हा प्रगतीचा वास आहे. ज्यांना तो झोंबतो, त्यांचे नाक परके आहे." नाक दाबणारे खडकद्रोही ठरले. पुढे गंधक खाणारेही गुदमरून झोपू लागले. "ही सुखाची झोप," असे समजावता समजावता प्रधानजीही आडवे झाले.

निवडणूक आली, तेव्हा एकटे महाराज खोकत जागे होते. मौन म्हणजे संमती, असा कायदा त्यांनी आदल्याच दिवशी करून घेतला होता. ते बिनविरोध निवडून आले. सर्वाधिक मताधिक्य लोहाबाईच्या भेगेने दिले.