गोजराबाईनं ओढलेलं मूळ

वैशाखातला मंगळवार, न्याहारीची वेळ. उंबरढवच्या वेशीबाहेर, हरळीनं गिळलेल्या पडीक तुकड्यात एक बाई कुदळ घेऊन उतरली. तेव्हा वेशीतल्या वडाला पहिली पारंबीही फुटली नव्हती, असं म्हणतात.

बाईचं नाव गोजराबाई. पुरात तिचं गाव गेलं, घरधनी गेला, पदराच्या गाठीत भोपळ्याच्या बिया तेवढ्या उरल्या. तिनं उंबरढवात भाकरी मागितली नाही, जमीन मागितली. रंगोजी पाटील चावडीवर बसून हसला. म्हणाला, "वेशीबाहेरचा तुकडा घे. मृगाच्या आत तिथं बी पडलं तर जमीन तुझी. नाही पडलं तर आपली वाट धर." हे तो साऱ्या गावादेखत बोलला. कुणी विसरू नये.

तुकड्यावर रुई आणि धोतरा माजलेला, खाली हरळीची गादी. गोजरानं झाडोरा तोडला, जाळला, आणि कोपऱ्यापासून खणत निघाली. ती हटत नाही हे पाहून पाटलानं तिच्यासाठी इर्जिक पुकारली. इर्जिक म्हणजे साऱ्या गावानं आपापले बैल आणून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. इर्जिकीला नको म्हणणं म्हणजे गावाच्या ताटाला लाथ. नांगरानं हरळीच्या मुळाचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्याला कोंब येतो, हे गोजराला ठाऊक होतं. तरी तिनं साऱ्यांसाठी आंबील रांधली.

पाठोपाठ वळीव पडला आणि रान हरळीनं हिरवंगार झालं. पाटील बांधावर आला.

"गोजरे, पीक झकास आलंय की तुझं."

"गुरं पाठवा चरायला, पाटील. तुमच्या नांगराचं पुण्य तुमच्याच गोठ्यात जाऊ द्या."

मग तिनं कुदळ बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरत एकेक मूळ शेवटापर्यंत काढायला घेतलं. शेजारची बयाक्का कोष्टीण बघत उभी राहिली.

"अगं, डोकं विंचरल्यासारखं काय करतेस?"

"उवा नखानंच निघतात, बयाक्का. कोयता घेतला तर डोकंच जातं."

बयाक्का हसली, पदर खोचून रानात उतरली. तिच्यामागं साऱ्या आळीच्या बाया उतरल्या. ही बिनबैलांची इर्जिक, असं म्हणतात. उपटलेली हरळी त्यांनी खडकावर वाळत टाकली, तर तिचा ढीग देवळाच्या कळसाला टेकला.

मृगाच्या आदल्या दिवशी एकच मूळ उरलं. मनगटाएवढं जाड, वेशीखालून गावात शिरलेलं. माग काढत बाया गेल्या, तर ते पाटलाच्या ओसरीखाली. हेच आईमूळ. ते राहिलं तर रान पुन्हा हरळीचंच होणार.

"माझ्या ओसरीला कुदळ लागायची नाही," पाटील म्हणाला.

"नकोच लावायला," गोजरा म्हणाली. "मी माझ्या जमिनीतनं ओढते."

तिनं मुळाला हात घातला. तिची कंबर बयाक्कानं धरली, बयाक्काची तिसरीनं, आणि रांग पार ओढ्यापर्यंत गेली. घोंगडीखालून साप सरकावा तसा गावाचा रस्ता हलला. पाटलाची ओसरी मधोमध फाटली. दिवस मावळता मावळता मूळ बाहेर आलं, आणि त्याच्या टोकाला पाटलाच्या गोठ्यातली बैलांची खुंटी अडकलेली होती. गोजरानं खुंटी पुसून परत पाठवली. लोकांची खुंटी तिला नको होती.

मग तिनं पदराची गाठ सोडली आणि मृग लागायच्या आत बी टोकलं. भोपळे असे धरले की एकेकाला गाडी जुंपावी लागली, असं म्हणतात. चावडीवर साऱ्या गावादेखत पाटलाला म्हणावं लागलं, जमीन तुझी.

आजही त्या रानात नांगर घालत नाहीत. वैशाखातल्या मंगळवारी घरटी एक बाई तिथं गुडघ्यावर बसते आणि हातानं हरळी काढते. गावात आलेली नवी सून आधी गोजराबाईच्या रानात एक मूळ उपटते, मग उंबरठा ओलांडते. तिच्या ओटीत भोपळ्याच्या बिया घालतात. सासरी गेलेल्या पोरी अभिमानानं सांगतात, आमच्या गावच्या बाया ओसरी फाडतात.

पाटलाच्या ओसरीची भेग अजून बुजलेली नाही. रानाला मात्र आता लोखंडी फाटक आहे आणि फाटकावर पाटी आहे: रंगोजी पाटील उद्यान. ही पाटी कोणी लावली, असं बाया दर वैशाखात ग्रामसभेत विचारतात.