दोराचा तुटका पीळ

झाडाला हात जोडल्याशिवाय त्यावर कुणी पाय ठेवत नसे, त्या काळची ही गोष्ट. भागोजी उंच झाडांच्या फांद्या उतरवायचा. चढण्याआधी डोळे मिटून तो सगळा दोर बोटांतून सोडायचा. कुठे खरखरीत लागलं की तो दोर गोठ्यात जायचा.

एका संध्याकाळी कोयता निसटला आणि दोराचा एक पीळ तुटला. भागोजीच्या ते लक्षात आलं नाही.

"गप्प राहा," कोयता दोराला म्हणाला. "कळलं तर उद्यापासून म्हशीच्या गळ्यात असशील."

दोराला ते पटलं. शेंड्यावरचा वारा सोडून गोठ्यात कोण जाईल?

सकाळी भागोजी घाईत होता. दोर न तपासताच तो कमरेला बांधू लागला. वाचलो, असं दोराला वाटलं. मग त्याने वर पाहिलं. आंब्याची उतरवायची फांदी घराच्या कौलांहून कितीतरी उंच होती, आणि भागोजीचा सगळा भार त्याच्यावरच येणार होता. दोराने तुटका पीळ बाहेर काढून भागोजीच्या तळहाताला टोचला.

भागोजी थांबला. त्याने कोयत्यानेच दोर तिथे कापला.

"चालला म्हशीकडे," कोयता म्हणाला.

पण भागोजीने लांब तुकडा डोळे मिटून तपासला आणि कमरेला बांधला. "जो आपलं दुखणं सांगतो, त्याच्यावर जीव सोपवावा," तो म्हणाला. मग कोयता वरून पडू नये म्हणून उरलेला आखूड तुकडा त्याच्या मुठीला बांधला आणि चढला.

दिवसभर कोयता गळ्यात दावं घालून लटकत होता.