मत्स्यालयासमोरचा बाक

सोसायटीच्या मत्स्यालयात पाणी कोमट ठेवणारा कंट्रोलर होता. त्याला तापमान दाखवणारा वेगळा डिस्प्ले हवाच, असं अध्यक्ष गुळवणीसाहेबांनी सभेत ठणकावलं. तो उभा करायला समोरचा बाक काढायचा होता. नेमक्या त्याच बाकावर मालूआत्या रोज संध्याकाळी मासे बघत बसायच्या.

“डिस्प्ले कशाला हो?” आत्यांनी विचारलं.

“कंट्रोलर चुकला तर कळायला!”

“आणि डिस्प्लेच चुकला तर?”

साहेबांनी छाती फुगवली. “मी आहे ना! रोज स्वतः पाण्यात थर्मामीटर बुडवून ताडून बघेन.”

“अगंबाई, मग डिस्प्लेचं कामच उरलं नाही! बाक मात्र राहू द्या. रोज वाकून तुमचे गुडघे दुखतील, टेकायला लागेल.”

सभा खो खो हसली. आता संध्याकाळी साहेब थर्मामीटर घेऊन येतात आणि आत्या सरकून जागा देतात.