गुळगुळीत टायर आणि दसऱ्याचं लिंबू

मोटारी आपले टायर स्वतः निवडायच्या, त्या काळची ही गोष्ट. लाली नावाची एक मोटार होती. दिसायला शर्यतीची, पण रोजचं काम मात्र घाट उतरून सुलक्षणा नर्सबाईंना दवाखान्यात पोचवायचं.

दसऱ्याला ती बाईंना घेऊन नव्या टायरांसाठी दुकानात आली. तिथे चौघे गुळगुळीत भाऊ होते. थोरला ऐटीत म्हणाला, "शर्यती मारल्यात आम्ही. अंगावर एक चीर दाखव!" शेजारी खोल खाचांचे टायरही होते.

"हेच हवेत!" लाली भाळली.

"अगं, घाटात पाऊस असतो," नर्सबाई म्हणाल्या.

"असू दे की!"

टायर चढले. पूजेसाठी फरशी नुकतीच धुतली होती. रिवाजाप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवली. लालीने जोर लावला, तशी चाकं ओल्या फरशीवर जागच्या जागी गरगरली आणि एक लिंबू अख्खंच्या अख्खं बाजूला उडालं.

लाली वरमली. "इथे ही गत, तर घाटात बाईंचं काय झालं असतं?"

मग खाचांचे टायर बसवले. या खेपेला चारही लिंबं कचकन चिरडली.

"म्हणजे आम्ही टाकाऊच?" थोरल्याने हळूच विचारलं.

"छे! कोरड्या मैदानात तुमच्यापुढे आम्ही कोण?" खाचांचा टायर म्हणाला.

"पण त्या पाण्याला तू हरवलंस कसं?"

"हरवलं कुठे? अंगातून त्याला वाट दिली. ते गेलं, आणि मला जमीन सापडली."